गाठीखालची चीर

मित्रांनो, बाभळीच्या खोडात ठोकलेल्या एका खिळ्यावर मी लटकलो आहे. कोपरात दुमडलेल्या हातासारखा माझा आकार. अंगावर तेलाचे डाग, दोन्ही तोंडांना क्लिपांचे वळ, आणि पोटाखाली बोटभर लांबीची एक चीर. मी एका गाडीतला जुना रबरी पाइप आहे. माझ्यातून कधी पाणी वाहिले नाही की डिझेल वाहिले नाही. वाहिला तो फक्त वारा. पण त्या वाऱ्याच्या जोरावर एक बाई रोज संध्याकाळी आपल्या आईजवळ परत येत होती. माझ्या पोटातून तो वारा गळून गेला, आणि तिचे परत येणेही गळून गेले.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या वाकड्या साच्यावर आधी रबराचा थर, मग कापडाचा, मग पुन्हा रबराचा, असे मला गुंडाळले आणि वाफेत शिजवले. साच्यावरून सोलून काढले तेव्हा मी जन्मजात वाकडाच निघालो. पण मित्रांनो, वाकड्याचीही कुठेतरी गरज असते. नऊ माणसांच्या एका डिझेल व्हॅनमध्ये मला बसवले, आणि तिथे मी असा चपखल बसलो की जणू ती जागा माझ्यासाठीच रिकामी ठेवली होती.

त्या व्हॅनला टर्बो होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते, आणि त्याला जोडलेले दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. दाबलेली हवा इंजिनात गेली की गाडीच्या अंगात दुप्पट बळ येते. ही तापलेली हवा टर्बोकडून थंड करणाऱ्या जाळीपर्यंत पोचवायची, एवढेच माझे काम. वाटेत थेंबभरही सांडायची नाही.

दहा हिवाळे मी बर्फात काढले. मग गाडी म्हातारी झाली म्हणून तिला जहाजात चढवले. मोंबासाच्या बंदरात उतरलो तेव्हा मला वाटले, आता भंगार. पण नशिबात केरियोचे खोरे होते.

खोऱ्यात बिरेत्वोचा बाजार तव्यासारखा तापलेला असतो. तिथून रस्ता कड्याला बिलगून वळणे घेत तांबाचला जातो, आणि तिथून वर इटेनला. खाली अंगातून घाम निथळतो आणि वर लोक स्वेटर घालून चहा पितात. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते, आणि साध्या गाड्या धापा टाकू लागतात. म्हणून चेसिरेबाबांनी जेमेलीला सांगितले होते, "पोरी, सपाटीवर कुठलीही गाडी पळते. चढासाठी घ्यायची तर फुंकणारी घे."

चेसिरेबाबा हे बाजाराच्या टोकाला, याच बाभळीखाली काम करणारे म्हातारे मिस्त्री. टर्बोला ते 'फुंकणी' म्हणत. आणि जेमेली म्हणजे बिरेत्वोच्या लाइनीवर व्हॅन चालवणारी एकुलती एक बाई. लाइन म्हणजे थांब्यावरच्या गाड्यांची रांग. रांगेत ज्याचा नंबर, त्याने सवाऱ्या भरायच्या आणि इटेनला जायचे. बाईला नंबर द्यायला लाइनीचा मुकादम बोइवो आधी तयार नव्हता. चेसिरेबाबांनी त्याच्या समोर बसून एवढेच विचारले म्हणे, की स्टीअरिंगला मिशा लागतात का. बोइवो हसला आणि जेमेलीचे नाव थांब्यावरच्या नंबरांच्या पाटीवर चढले.

तिला या नंबराची फार गरज होती. बाभळीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याला लागून तिचे घर आहे. घरात तिची आई. आईच्या डोळ्यांत पडदा आलेला, उजेड-अंधार तेवढा कळतो. ती आपले अंगण, आपल्या शेळ्या आणि नवऱ्याची समाधी सोडून कुठेही जायला तयार नव्हती. खोऱ्यातल्या कितीतरी बाया नैवाशाला फुलांच्या शेडमध्ये कामाला गेल्या होत्या. गेलेली बाई सहा-सहा महिने घर बघत नाही. जेमेलीजवळ ही गाडी होती आणि लाइनीवरचा नंबर होता, म्हणून ती रोज सूर्य मावळायच्या आत, फाटकाशी टर्बोची शीळ वाजवून आईला वर्दी देत, अंगणात येई. आईच्या हातात वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातल्या आंबट दुधाचा पेला देई. नंबर गेला तर नैवाशा. हे तिला ठाऊक होते, बोइवोला ठाऊक होते, आणि बॉनेटखाली बसल्या बसल्या मलाही ठाऊक होते.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मागे आंब्यांची पोती, मधाचे डबे, एखादी कुरकुरणारी शेळी, आणि नऊच्या जागी बारा माणसे. पहिल्या वळणावर जेमेली गिअर उतरवी, टर्बो शीळ घाली, आणि माझे अंग वाऱ्याने टच्च भरून येई. चढ लागला की ती गुणगुणायची,

"चढ चढ गं वाटे, तुझं संपेना वळण,
वर धुक्याची गं पेठ, खाली आईचं अंगण."

तिचा सूर आणि टर्बोची शीळ एकमेकांत मिसळून जात. सवाऱ्या म्हणत, जेमेलीची गाडी चढत नाही, उडते. ते कौतुक गाडीचे होते, पण त्यातले घोटभर मी माझ्या वाट्याला घेई.

असे तीन आंबेबहार गेले. मग माझ्या पोटाला काचू लागले.

माझ्या खाली लोखंडाची एक पट्टी होती. वर्षानुवर्षे गाडी हादरत होती आणि मी त्या पट्टीवर घासत होतो. एके दिवशी तेल बदलताना चेसिरेबाबांचा हात माझ्या पोटावरून फिरला आणि तिथेच थांबला. रबर झिजून आतले कापड दिसू लागले होते. बाबांनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, ताणून ताणून माझ्याभोवती सात वेढे घातले आणि शेवटी आपली ती गाठ मारली. आधी उलटी, मग सुलटी, मग टोक आत. मग कोणी ऐकत नाही असे पाहून हळूच म्हणाले, "चार दिवस धर रे बाळा. एल्डोरेटला गेलो की तुझ्या जागी नवा आणतो."

ते बोलणे फक्त मी ऐकले. जेमेली तेव्हा थांब्यावर चहा पीत होती. आणि त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेला मिस्त्री किमोसोप दुसऱ्या गाडीखाली आडवा होता.

चार दिवसांनी बाबांची छाती भरली. आठव्या दिवशी ते गेले. आंबे अजून पिकायचे होते.

बाबांनी बांधलेले कधी सुटत नाही, अशी साऱ्या खोऱ्यात ख्याती होती. कोणाचा सायलेन्सर, कोणाच्या सायकलचे कॅरिअर, कोणाच्या दाराचा कोयंडा, सगळीकडे त्यांच्या गाठी होत्या. ते गेल्यावर लोक त्या गाठींकडे जरा थांबून बघू लागले. आणि बाभळीखाली एक नियम होता, तोही बाबांनीच घातलेला. ज्याची गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्याला सोडायची असेल, तर आधी बांधणाऱ्याला विचारायचे. पूर्वी कोणीतरी न विचारता एक पट्टी कापली होती, तिच्या आत डिझेलची फुटकी नळी होती, आणि त्या माणसाचा हात भाजला होता. तेव्हापासूनचा हा नियम. नियम शहाणपणाचाच होता. पण बांधणाराच उरला नाही तर काय करायचे, हे बाबा सांगून गेले नव्हते.

सात वेढ्यांच्या आत, अंधारात, मी उसवत गेलो. टर्बोतून येणाऱ्या तेलाच्या वाफेने रबर मऊ पडले, कापडाचा एक एक धागा तुटला, आणि झिजेची चीर झाली. सपाटीवर मी ओठ मिटून बसे. पण चढावर दाब वाढला की चीर माशाच्या कल्ल्यासारखी उघडे, वेढ्यांच्या फटीतून वारा फुसकन निसटे, आणि दाब उतरला की पुन्हा मिटून जाई. बाहेरून बघणाऱ्याला दिसे ती बाबांची घट्ट, काळी, देखणी गाठ.

हवा कमी आणि डिझेल तेवढेच, म्हणजे काळा धूर. आंब्याच्या ऐन हंगामात, तांबाचच्या खालच्या वळणावर गाडी पहिल्यांदा बसली. सवाऱ्या उतरून पायी गेल्या. पोती दुसऱ्या गाडीने उचलली. थांब्यावर दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर लोकांना विषयच मिळाला.

"जेमेली, गाडी आणलीस की चूल गं?" एकाने विचारले.

"चूलच आहे," ती म्हणाली. "ये, तुझी मक्याची उगाली टाकते शिजायला. नाहीतरी घरी तुला कोण विचारतंय."

सगळे हसले, तो ड्रायव्हरही. पण गाडीत येऊन बसल्यावर तिने स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. 

लाइनीचा कायदा असा, की एका हंगामात सवाऱ्यांसकट तीनदा चढावर बसलेली गाडी पाटीवरून उतरते. तिच्यामागे नंबरासाठी वर्ष-वर्ष वाट पाहणारे उभेच असतात.

किमोसोपने काही बाकी ठेवले नाही. डिझेलचा फिल्टर बदलला. इंजिनाच्या श्वासाच्या वाटांतली काजळी खरवडली. टर्बो उघडून त्याचे चक्र बोटाने हलवून पाहिले, ते ठणठणीत होते. मग त्याने गळतीची परीक्षा घेतली. ती बाबांनीच शिकवलेली. वनस्पती तुपाचा रिकामा डबा वाऱ्याच्या वाटेच्या तोंडात बरोबर बसतो. त्याच्या बुडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डकवलेला असतो. पायपंपाने हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडायचे. जिथे बुडबुडा, तिथे गळती.

त्याने पंप मारला. माझ्या अंगात हवा आली. मी मनात म्हटले, आणखी मार, किमोसोप, आणखी थोडी मार. पण जास्त मारली की डबा उडतो, म्हणून तो बेताने थांबला. तेवढ्या दाबाला बाबांचे सात वेढे पुरून उरले. साबणाचे पाणी माझ्यावरून ओघळून गेले. एक बुडबुडा आला नाही. मित्रांनो, मला तोंडे दोन, पण जीभ एकही नाही. माझ्या दुःखाला बोलायला बुडबुड्याएवढीही जागा मिळाली नाही.

दुसऱ्यांदा गाडी बसली तेव्हा बोइवो स्वतः गाडीत होता. तो काही वाईट माणूस नव्हे. त्याने ती वेळ मोजलीच नाही. म्हणाला, माझ्या वजनाने बसली असेल. पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा बसली, आणि ती त्याला मोजावी लागली. आता एकच संधी उरली होती.

त्या दुपारी जेमेली बाभळीखाली आली. किमोसोप बॉनेटमध्ये वाकून सगळे पुन्हा पहिल्यापासून चाचपत होता. तिने वाकून पाहिले, आणि तिचे बोट थेट माझ्यावर आले.

"हे सोडून बघ ना."

किमोसोपने हात मागे घेतला. "ती बाबांची गाठ आहे."

"माहीत आहे मला."

"त्यांना विचारल्याशिवाय कशी सोडू?"

"आता कुठे आहेत बाबा विचारायला?"

"म्हणूनच," किमोसोप म्हणाला.

 त्याच्या हातात चाकू होता, उघडलेला. माझ्यापासून वितीवर. मला वाटले, आता. आता हा हात पुढे येईल. जेमेलीने आग्रह धरला असता तर तो आलाही असता. पण बाबांमुळे ती पाटीवर चढली होती. तिने माझ्यावरून एकदा तळवा फिरवला, देवावरून फिरवावा तसा, आणि म्हणाली, "राहू दे. त्यांचं बांधलेलं कधी सुटलंय?"

किमोसोपने चाकू मिटला.

पाटीच्या हिशेबात तिसऱ्यांदा गाडी बसली ती त्याच वळणावर. धूर एवढा झाला की खालच्या बाजारातून दिसला. बोइवोने पाटीवरचे नाव पुसायला दुसऱ्या कोणाला सांगितले नाही, स्वतःच पुसले, तिच्याकडे पाठ करून. जेमेली म्हणाली, "काका, नीट पुसा. अर्धं राहिलं तर नव्या माणसाचं नाव वाचता येणार नाही."

शेळ्यांच्या एका व्यापाऱ्याने गाडी विकत घेतली, चालत नाही म्हणून पडत्या भावात. जेमेली नैवाशाला निघाली त्या सकाळी ती आधी शेजारणींकडे गेली, आईच्या जेवणाचे सांगायला. मग बाभळीखाली आली. किमोसोपला म्हणाली की जमेल तसे येता-जाता आईला हाक देत जा. गाडीकडे तिने पाहिले नाही. दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसून ती कडा चढून गेली.

चार दिवसांनी व्यापारी गाडी न्यायला आला. बॉनेट उघडून तो उगाच इकडेतिकडे बघत होता. मला पाहून हसला. "हे काय, गाडीला ताईत बांधलाय होय?" असे म्हणत त्याने खिशातला चाकू काढला आणि किमोसोप धावत येईपर्यंत सातही वेढे कापले. त्याच्या लेखी ती नुसती रबराची पट्टी होती.

मी उघडा पडलो. पोटाखालची चीर दिवसाच्या उजेडात आ वासून राहिली.

किमोसोपने आपला अंगठा त्या चिरेत घातला. तो आरपार गेला. तरीही त्याने डबा आणला, पंप जोडला, साबणाचे पाणी शिंपडले, जणू अंगठ्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहिल्याच दाबाला माझ्या पोटाशी फेसाचा गोळा उठला, वाढला आणि फुटला. मग दुसरा, मग तिसरा. ज्यासाठी मी महिनोन्महिने तळमळलो, ते बोलणे मी त्या घटकेला बोलून घेतले. पण ऐकायला पाहिजे होती ती माणसे गेली होती.

किमोसोप बाभळीच्या मुळाशी बसला. मग त्याने फोन लावला. मी त्याच्या मांडीवर होतो, म्हणून मला पलीकडचेही ऐकू आले.

"जेमेली, गळती सापडली."

"कुठे होती?"

त्याने माझ्या चिरेवर अंगठा ठेवला. मग म्हणाला, "बाबांच्या गाठीखाली."

पलीकडे फुले खुडून बांधणाऱ्या बायांचा गलका चालला होता. त्यातून तिचा आवाज आला, "आईला जेवण पोचतंय ना वेळेवर?"

"पोचतंय."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "तू नको मनाला लावून घेऊस. मीच तुला राहू दे म्हटलं." फोन तिनेच ठेवला.

एल्डोरेटहून दुसऱ्या दिवशी नवा पाइप आला. माझ्यासारखाच वाकडा, पण काळाभोर. किमोसोपने आधी ती लोखंडी पट्टी वाकवून दूर केली, मग दोन क्लिपा आवळल्या. चहा निवायच्या आत काम संपले. एवढेसे काम होते, मित्रांनो. व्यापाऱ्याने गाडी वर नेऊन आणली आणि खुशीत हात चोळू लागला. किमोसोपने त्याला विचारले, गाडी परत देशील का. घेतलेला भाव मी जमवतो. व्यापारी हसला. "चालत नव्हती म्हणून मी घेतली. आता चालायला लागली म्हणून परत देऊ?" आणि दिली असती तरी काय! पाटीवर तिच्या जागी दुसऱ्याचे नाव लागले होते.

ती गाडी आता शेळ्या घेऊन रोज या रस्त्याने जाते. चढ लागण्याआधी, आमच्या बाभळीसमोर, व्यापारी गिअर उतरवतो आणि टर्बो शीळ घालतो. पूर्वीसारखीच, भरल्या अंगाची, निकोप शीळ. ती शीळ ऐकली की समोरच्या अंगणात जेमेलीची आई उठून उभी राहते. भिंतीला हात लावत लावत फाटकापर्यंत येते. रिकामा पेला आधीच हातात असतो.

पहिल्या दिवशी किमोसोप धावत गेला. "मावशी, ती नाही आली. नुसती गाडीच आहे," त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशीही सांगितले. मावशीने मान हलवली, समजले म्हणाली. तिसऱ्या दिवशी शीळ वाजली आणि ती पुन्हा उठली. आता किमोसोप सांगत नाही. गाडी जाईपर्यंत पाना हातात धरून, खाली मान घालून बसतो. आणि मी खिळ्यावरून बघत राहतो, कारण मला डोळे मिटता येत नाहीत.

मित्रांनो, मला कोणाला दोष द्यायचा नाही. बाबांची गाठ मायेची होती. किमोसोपचा थांबलेला हातही मायेचाच होता, आणि जेमेलीचा तळवासुद्धा. एवढ्या सगळ्या मायेखाली मी फाटत राहिलो. मला एवढेच कळले आहे की मायेनेही कधीतरी सोडून बघायला हवे. ज्याने बांधले त्याचा मान त्याच्या गाठीत नसतो. ज्यासाठी बांधले ते धड आहे की नाही, हे बघण्यात असतो.

आता माझा उपयोग एकच उरला आहे. किमोसोप कधीतरी मला उतरवील, कात्रीने माझ्या पट्ट्या कापील आणि कोणाच्या तरी तुटक्या वस्तूभोवती गुंडाळील. खुशाल गुंडाळा. मी जीव लावून धरीन. पण जो कोणी मला बांधील, त्याला माझी एकच विनवणी आहे. आत काय फाटले आहे, ते जवळच्या एका तरी माणसाला मोठ्याने सांगून ठेव. मला सांगू नकोस. मला बोलता येत नाही.